पडद्यांसाठी शिलाई मशीन हप्त्यावर घ्यावं का?

प्रश्न: मी हर्णैला राहते. नवरा ट्रॉलरवर जातो. मुलगी ज्या खोलीत अभ्यास करते ती दहा बाय दहाची, अंधारी आहे. उजळ पडदे लावायचे आहेत. दापोलीत दोन खिडक्यांचे तयार पडदे रॉडसकट ५,२०० रुपये सांगितले. त्यापेक्षा ११,००० चं शिलाई मशीन हप्त्यावर घेऊन घरीच शिवावेत, पुढे बाहेरचं कामही घ्यावं, असं वाटतं. हप्ता १,०५० रुपये, बारा महिने, वर ३०० रुपये प्रोसेसिंग फी. शिल्लक १८,००० आहे. काय करू?

उत्तर: ताई, पडदे घरीच शिवा. मशीन मात्र आत्ता घेऊ नका.

बारा हप्ते म्हणजे १२,६००, फी धरून १२,९००. अकरा हजारांवर १,९०० जास्त. ऐकायला फार वाटत नाही, पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, वर्षभर अकरा हजार तुमच्याकडे राहत नाहीत. तो हिशेब धरला तर व्याज वर्षाला ३१ टक्क्यांच्या आसपास जातं. आणि मला खरी काळजी जून-जुलैची वाटते. मासेमारी बंद, घरात येणं नाही, शाळेची वह्या-पुस्तकं त्याच वेळी, आणि बंदी उठते न उठते तोच गणपती. तुमचे १८,००० त्या दिवसांसाठीच आहेत. त्यांच्यावर हप्त्याचा बोजा टाकू नका.

चार पडद्यांना मशीन लागतही नाही, सगळी सरळ शिवण आहे. घरात जुन्या सुती साड्या असतीलच, फिकट रंगाच्या दोन निवडा. चार फूट उंच खिडकीला वर-खाली सहा-सहा इंच आणि दुमडीला नऊ-दहा इंच धरले, तर एका पडद्याला पावणेदोन मीटर कापड पुरतं. साडेपाच मीटरच्या साडीत असे तीन पडदे निघतात. लांबीतून कापलंत की काठ दोन्ही बाजूंना उभे येतात, त्यामुळे कडा दुमडायच्या राहतच नाहीत. फक्त वर रॉडची नळी आणि खाली दुमड. धावदोऱ्याने दोन दुपारी होईल. नवीन कापड घेतलंत तर आधी रात्रभर भिजवून वाळवा आणि मगच कापा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडेल. रात्री साडीतून आतलं दिसतं, तेव्हा रस्त्याकडच्या खिडकीला दुहेरी लावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: पडद्याने उजेड वाढत नाही, फक्त कमी अडतो. म्हणून रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच रुंद घ्या, दिवसा पडदे भिंतीवर सरकतील आणि खिडकी पूर्ण मोकळी राहील. रॉड लोखंडी नको. खाऱ्या हवेत गंजतो आणि तांबूस डाग कापडावर उतरतो, तो निघत नाही. ॲल्युमिनियमचा चालेल. उरलेल्या पैशांतून खिडकीसमोरच्या भिंतीला पांढरा हात मारा. खोली उजळेल ती बरीचशी त्याने. रॉड, दोरा, रंग मिळून दीड हजाराच्या वर जाऊ नका. जाड, महाग पडदे कोकणात तसेही पैसे वाया घालवणं आहे. पावसाळ्यात ओलीने बुरशी धरते. साडीचा पडदा काढून धुतला की संध्याकाळपर्यंत चुलीच्या उबेला वाळतो.

बाहेरच्या कामाचा विचार चांगला आहे, तो सोडू नका. शेजारी कुणाचं मशीन असेल तर दुपारचं मागून घ्या, थोडे पैसे द्या, आणि तीन-चार महिने काम येतं का ते पाहा. नवऱ्याची बोट पुन्हा समुद्रात गेली की तेच १,०५० दरमहा बँकेत बारा महिन्यांच्या आरडीत टाका. वर्षाने मशीन रोखीने येईल, व्याज तुम्हाला मिळेल, आणि तोवर गिऱ्हाईकं आहेत की नाहीत हेही कळलेलं असेल.