मुलीला बँडही हवा आणि कादंबरीही : काय करावे?

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची असून बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींच्या रॉक बँडमध्ये ती बास गिटार वाजवते आणि बँडची इंग्रजी गाणीही तीच लिहिते. शिवाय तिने मराठीत एक कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. एका प्रकाशकाने ती छापण्यासाठी आमच्याकडे ८५ हजार रुपये मागितले आहेत, आणि एका म्युझिक लेबलने, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीने, बँडला करारपत्र पाठवले आहे. आता ती म्हणते की शेवटच्या वर्षाची परीक्षा न देता सहा लाख रुपये फी असलेला साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स करायचा. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की, दोन डगरींवर पाय ठेवलास तर धड काहीच होणार नाही, एक काहीतरी धर. आम्ही काय करावे?
– एक आई, बोरिवली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात निकडीची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे लेबलचे करारपत्र. या उत्तराचा बाकीचा भाग सवडीने वाचलात तरी चालेल. पण करारावर कोणीही, बँडमधल्या इतर मुलांनीसुद्धा, इतक्यात सही करू नये. त्याची कारणे पुढे सविस्तर दिली आहेत. आधी तिच्या वडिलांच्या आक्षेपाचा विचार करू, कारण घरातला खरा वाद तिथे अडला आहे असे दिसते.

रॉक संगीत आणि पुस्तकलेखन या दोन डगरी आहेत असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे वर्षानुवर्षे सोबत करणारी माणसे या क्षेत्रात बरीच आहेत. कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांचा पहिला कवितासंग्रह १९५६ चा आणि पहिला अल्बम १९६७ चा; मधल्या काळात त्यांच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या. अमेरिकी रॉक गायिका पॅटी स्मिथ यांनी आधी कविता छापल्या, १९७५ मध्ये पहिला अल्बम काढला, आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाला २०१० साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. ‘रश’ या कॅनेडियन बँडच्या बहुतेक गाण्यांचे शब्द त्याचा ड्रमवादक नील पीअर्ट लिहीत असे, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सायकलप्रवासावरचे त्याचे पुस्तक १९९६ साली आले. ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याने १९९० आणि १९९२ मध्ये दोन विनोदी कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय तो व्यावसायिक वैमानिक झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत कार्यक्रम करायला आला तेव्हा बँडचे विमान त्यानेच चालवत आणले होते. गाणे लिहिणाऱ्याची कान लावून बसण्याची आणि एक ओळ दहादा खोडण्याची सवय गद्यातही कामाला येते. तेव्हा ‘एक काहीतरी धर’ या सल्ल्याशी मी सहमत नाही.

परंतु वडिलांच्या मनातली दुसरी भीती, जी त्यांनी कदाचित बोलून दाखवलेली नाही, ती रास्त आहे. या दोन्ही कामांतून मिळून मुंबईत घर चालत नाही, निदान पहिली दहा वर्षे तरी नाही. हिशेबच मांडून पाहा. तीनशे रुपये किमतीच्या मराठी कादंबरीवर दहा टक्के मानधन धरले तर एका प्रतीमागे तीस रुपये होतात. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती नेहमीची. ती पूर्ण खपली, आणि नवख्या लेखकाची आवृत्ती खपायला दोन-तीन वर्षे सहज जातात, तर सगळे मिळून तीस हजार रुपये. आता बँड. समजा एका कार्यक्रमाचे चाळीस हजार ठरले. त्यातून साउंडवाल्याचे, टेम्पोचे आणि तालमीसाठी तासावर घेतलेल्या जॅमरूमचे मिळून चौदा हजार गेले, तर उरलेल्या सव्वीस हजारांत पाच जणांच्या वाट्याला प्रत्येकी पाच हजार दोनशे येतात. अंधेरी किंवा लोअर परळमधल्या ठिकाणी नव्या बँडला एवढेही मिळेलच असे नाही. पुष्कळदा जेवणाची कुपने आणि ‘एक्सपोजर मिळेल’ हे आश्वासन यांवरच बोळवण होते.

म्हणून मी अशा प्रत्येक विद्यार्थ्याला तिसऱ्या कामाबद्दल विचारतो. महिन्याचा खर्च भागवील, पण संध्याकाळ आणि डोके दोन्ही खाऊन टाकणार नाही, असे कोणते काम तू करशील? अरुण कोलटकरांचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. ते पखवाज शिकले, त्यांनी इंग्रजीत गाणी रचली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या, आणि पोट भरले ते जाहिरात क्षेत्रात आर्ट डायरेक्टर म्हणून. जीत थय्यिल हे कवी आणि गिटारवादक. त्यांची मुंबईवरची पहिली कादंबरी २०१२ साली बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली, पण त्याआधी त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ पत्रकारिता केली. तुमच्या मुलीला मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिता येते, आणि तिचा कान तालाचा आहे. अशा माणसाला मुंबईत काम आहे. मुलांच्या एखाद्या परदेशी कार्टूनचे मराठी डबिंग व्हायचे असते तेव्हा त्यातली गाणी अशी लिहावी लागतात की अक्षरे मूळ चालीत बसली पाहिजेत, पात्राचे ओठ जिथे मिटतात तिथे प, ब किंवा म यांपैकी काहीतरी आले पाहिजे, आणि एवढे करून पाच वर्षांच्या मुलाला ते समजले पाहिजे. नुसता अनुवादक इथे अडतो आणि नुसता संगीतकारही अडतो. सबटायटल, जाहिरातीचे लेखन, जिंगल, बास शिकवण्याच्या शिकवण्या ही सगळी त्याच जातीची कामे. आयटीची पदवी असेल तर अर्धवेळ तांत्रिक लेखनही मिळू शकते.

एवढ्यासाठीच परीक्षा सोडणे मला अजिबात पटत नाही. सहा-आठ महिन्यांचा प्रश्न आहे आणि अडीच वर्षे खर्ची पडून गेली आहेत. पदवीधर नसल्यामुळे पुढे कोणती दारे बंद होतात याचीही तिला कल्पना द्या. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्थेमध्ये ध्वनिमुद्रणाचा जो पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याच्या प्रवेशासाठीही पदवी लागते.

आता क्रम. बँड आणि कादंबरी या दोहोंपैकी घाई कशाची करायची, तर माझ्या मते बँडची. विशीतला बँड फार काळ एकत्र राहत नाही. कोणी नोकरीसाठी बंगळूरला जातो, कोणी लग्न करतो, ड्रमवाला दुसऱ्या बँडला मिळतो. जागांचेही तसेच. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव वर्षानुवर्षे धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात होत असे. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे ती जागा गेली. लोअर परळचे ‘ब्लू फ्रॉग’ हे बँडच्या कार्यक्रमांचे ठिकाण २०१६ मध्ये बंद झाले. जी जागा आज नव्या मुलांना उभे राहू देते ती तीन वर्षांनी असेल याची खात्री नाही. कादंबरी मात्र थांबू शकते, आणि पहिल्या कादंबरीने थोडे थांबावेच. वर्षभराने वाचली की लेखिकाच तिच्यातली चाळीस पाने काढून टाकील. तोवर तिने दिवाळी अंकांसाठी कथा लिहाव्यात. दिवाळी अंकांचे संपादक साधारण मे-जूनपासून मजकूर मागवू लागतात, संपादकीय हात कसा फिरतो ते तिथे कळते, आणि कादंबरी घेऊन प्रकाशकाकडे जाताना नाव अगदीच अनोळखी राहत नाही.

८५ हजार रुपये देऊ नका. पैसे घेऊन छापणारा हा व्यवहारात प्रकाशक नसून छपाईची सेवा विकणारा आहे. तो धंदा बेकायदा नाही, पण त्याचा नफा तुमच्याकडून वसूल झालेला असल्यामुळे पुस्तक दुकानात पोहोचवण्याची त्याला गरज उरत नाही. त्याने दिलेल्या खर्चाच्या तपशिलात ‘आयएसबीएन शुल्क’ (म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे शुल्क) अशी ओळ असेल तर ती जरूर पाहा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यापेक्षा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे. मंडळाचे कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत आहे. अर्जाची मुदत आणि अटी तिथे विचारून घ्या. निवड होईलच असे सांगता येत नाही, परंतु हस्तलिखित तज्ज्ञांच्या नजरेखालून जाते, हाही फायदाच.

आता करारपत्राकडे वळतो. तुम्ही पाठवलेल्या दोन पानांत ‘ध्वनिमुद्रणाचे आणि मूळ रचनेचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ असे एक कलम आहे आणि मोबदल्याच्या जागी ‘प्रसिद्धी व वितरण’ एवढेच शब्द आहेत. या कलमात दोन वेगळ्या वस्तू एका दोरीत बांधल्या आहेत. गाण्याचे शब्द आणि चाल ही एक मालमत्ता, आणि स्टुडिओत झालेले ध्वनिमुद्रण ही दुसरी. कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्दांची पहिली मालक लिहिणारी व्यक्ती, म्हणजे तुमची मुलगी, आणि तो हक्क तिच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लिहिले की हक्क आला. ध्वनिमुद्रण करण्यात पुढाकार आणि जबाबदारी कोणी घेतली, म्हणजे बहुधा पैसे कोणी घातले, यावर दुसऱ्या मालमत्तेची मालकी ठरते. मुलांनी स्टुडिओचे भाडे स्वतःच्या खिशातून दिले असेल, तर लेबलने एक रुपयाही न घालता दोन्ही मालमत्ता मागितल्या आहेत असा याचा अर्थ होतो.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांच्या बाजूने एक भक्कम तरतूद आली आहे. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांवरचे आणि चालीवरचे मानधन समान वाट्याने मिळण्याचा त्यांचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही. तो सोडून दिल्याचे कोणी लिहून घेतले तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. तसेच हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेच नसेल तर पाच वर्षे, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत, असे धरले जाते. म्हणूनच छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द न चुकता असतात. लेबलला तुम्ही असे सुचवू शकता : शब्द आणि चाल आमच्याकडेच राहतील, ध्वनिमुद्रणाचा परवाना तीन किंवा पाच वर्षांसाठी देऊ, आणि दर सहा महिन्यांनी हिशेब मिळाला पाहिजे. त्यांनी नकार दिला तर फार बिघडत नाही, कारण स्वतःची गाणी ऑनलाइन सेवांवर चढवून देणारे वितरक आज थोड्या वार्षिक शुल्कात उपलब्ध आहेत. मुलीने आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्वही घ्यावे. १९६९ पासून असलेली ही संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करते. सुरुवातीला रक्कम चहापाण्याइतकीच येईल. पण गाणी नोंदवून ठेवलेली असली की एखादे गाणे पुढे मालिकेत किंवा जाहिरातीत गेल्यावर ते कोणाचे यावर वाद होत नाही.

बँडमधल्या बँडमध्येही एक कागद हवा. गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, पैसे कसे वाटायचे, आणि कोणी बँड सोडला तर नाव कोणाकडे राहील, एवढे एका पानावर लिहून पाचही जणांनी सह्या कराव्यात. मित्रांत हे बोलायला संकोच वाटतो, आणि नेमका तोच संकोच पुढे मैत्री तोडतो.

तिची गाणी इंग्रजीत आणि कादंबरी मराठीत आहे, याचा विचार तुम्ही पत्रात केलेला नाही; मला मात्र ही करिअरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वाटते. पीअर्ट किंवा डिकिन्सन यांची पुस्तके आरंभी विकत घेणारे बहुतेक लोक त्यांच्या बँडचे श्रोते होते. तुमच्या मुलीच्या बाबतीत हा आधार मिळणार नाही, कारण खारच्या किंवा लोअर परळच्या कार्यक्रमाला येणारे आणि मराठी कादंबरी वाचणारे लोक फारसे एक नाहीत. तिने इंग्रजी सोडावी असे मी म्हणत नाही. परंतु बँडच्या दर कार्यक्रमात दोन मराठी गाणी ठेवून पाहावीत. मराठी रॉकमध्ये गर्दी कमी आहे, आणि वर्षभराने तिला स्वतःलाच कळेल की प्रेक्षक कोणत्या गाण्याला पुढे सरकतात.

राहता राहिला सहा लाखांचा कोर्स. साउंड इंजिनिअरिंग ही स्वतंत्र विद्या आहे आणि त्यात मुंबईत रोजगारही आहे. तथापि तिने पत्रासोबत लिहिलेल्या अर्ध्या पानात मिक्सिंग किंवा मायक्रोफोन यांचा उल्लेख एकदाही नाही, सगळे शब्द गाण्यांबद्दल आणि पात्रांबद्दल आहेत. बँड जिथे ध्वनिमुद्रण करतो त्या स्टुडिओत परीक्षेनंतर तीन महिने मदतनीस म्हणून बसू देतील का, ते तिने विचारावे. केबल गुंडाळणे, माइक लावणे, दुसऱ्याच्या गाण्याचा एकच तुकडा रात्री अकरापर्यंत ऐकत राहणे, हे तीन महिने केल्यावरही ती कोर्सच मागत असेल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा कोणत्या संस्थेत किती तास प्रत्यक्ष स्टुडिओ मिळतो ते पाहून फीबद्दल बोलता येईल.