शंका-समाधान : एवढी मोठी तलवार, तरी मीच का मरतो?

प्रश्न : “मना हातमा एवढी मोठी तलवार शे, तरी मीच मरस!” एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये सगळ्यात अवजड तलवार घेतली. धाकट्या भावाच्या साध्या तलवारीपेक्षा माराचा आकडा दुपटीहून जास्त, पण बॉस (बलाढ्य मुख्य शत्रू) त्याच्याच हातून आधी पडतो. असं का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : तुम्ही पाहता तो आकडा एका वाराचा. तलवार उचलायला किती वेळ जातो आणि वार हुकला तर हात मोकळा व्हायला किती, हे त्या आकड्यात नसतं. हिशेबापुरते आकडे घेऊ. तुमचा वार ३०० चा, २.५ सेकंदांत एक. भावाचा ११० चा, ०.८ सेकंदात एक. सेकंदाला तुमचे १२० पडतात, त्याचे १३७.५. आता शत्रूचं चिलखत प्रत्येक वारातून सरळ ४० वजा करतं असं धरा. तुमचे २६० भागिले २.५, म्हणजे १०४. त्याचे ७० भागिले ०.८, म्हणजे ८७.५. पारडं फिरलं! चिलखत टक्क्यांनी कापत असेल तर दोघांचंही सारख्याच प्रमाणात कापलं जातं आणि भाऊच पुढे राहतो. म्हणजे कोणतं हत्यार भारी, हे आधी समोरच्या चिलखतावर ठरतं.

एल्डन रिंगमध्ये अवजड हत्याराची खरी कमाई शत्रूचा तोल मोडण्यात आहे. उडी मारून केलेला जड वार यासाठी उत्तम. तोल मोडला की बॉस गुडघ्यावर येतो आणि मोठा घाव घालायची संधी मिळते. पण बहुतेक जण इथेच घोळ घालतात. एक वार बसला की लोभाने दुसरा सोडतात. तो सुरू झाला की मध्येच थांबवता येत नाही, आणि तेवढ्यात बॉसचा फटका येतो. नियम साधा ठेवा: बॉसचा हल्ला संपला की एकच वार, लगेच रोल (लोळण घेऊन बाजूला). स्टॅमिना (दमाचा साठा) पूर्ण संपवू नका, रोलपुरता राखून ठेवा.

अंगावरचं वजनही तपासा. ते क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर गेलं की रोल जड होतो. मग शिरस्त्राण उतरवलेलं परवडतं. एकच तलवार दोन्ही हातांनी धरली की ताकद दीडपट मोजली जाते, म्हणून ३० ताकद मागणारं हत्यार २० वरही पेलतं.

प्रश्न : आम्ही टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवरचा भूमिकांचा खेळ खेळतो (पाचवी आवृत्ती). मोठ्या तलवारीचा मार २ डी६ (सहा बाजूंचे दोन फासे), मोठ्या कुऱ्हाडीचा १ डी१२ (बारा बाजूंचा एक). दोन्हींचं कमाल १२च. मग फरक काय? आणि सांगाड्यांसमोर दोन्ही फिक्या का पडतात?
— वाचक, धुळे

उत्तर : तलवारीची सरासरी ७, कुऱ्हाडीची ६.५. तलवारीला पूर्ण १२ पडायची शक्यता ३६ मध्ये एक, कुऱ्हाडीला १२ मध्ये एक. पण कुऱ्हाडीला १ पडायचीही तेवढीच शक्यता, तलवार २ च्या खाली जातच नाही. भरवशाचं हवं तर तलवार. ‘ग्रेट वेपन फायटिंग’ ही अवजड हत्याराने लढायची शैली घेतलीत तर अंतर वाढतं. २०१४ च्या नियमात १ किंवा २ पडल्यास फासा एकदा पुन्हा टाकतात. सरासरी तलवारीची ८.३३ होते, कुऱ्हाडीची ७.३३. २०२४ च्या नियमात १ आणि २ हे ३ धरतात. तिथे ८ आणि ६.७५. कुऱ्हाड जिंकते ती २०१४ च्या नियमातल्या हाफ-ऑर्क वंशाच्या पात्राच्या हातात. क्रिटिकलला (नेमाच्या फाशावर २० पडून हत्याराचे फासे दुप्पट होतात तेव्हा) त्याला हत्याराचा एक फासा जादा मिळतो: कुऱ्हाडीचे ३ डी१२, सरासरी १९.५; तलवारीचे ५ डी६, सरासरी १७.५.

आता सांगाडे. भरताची भाजलेली वांगी सुरीने कोणी बारीक करत नाही, ठेचतो, सांगाड्याचंही तसंच. ठेचणाऱ्या माराचं त्याला दुप्पट नुकसान होतं आणि त्याचे प्राणांक १३ असतात. साधी गदा १ डी६, वर ताकदीचे ३: फाशावर ४ किंवा जास्त पडले की दुप्पट होऊन किमान १४, एका वारात खेळ खलास. म्हणजे बसलेल्या प्रत्येक दोन वारांत एक. तीच ताकद लांब तलवारीला (१ डी८) दिली तर कमाल ११. क्रिटिकलशिवाय एका वारात सांगाडा पडणारच नाही. कमरेला एक गदा असू द्या.

प्रश्न : धनुर्धारी घेतला, पण शत्रू अंगावर आला की बाण हुकतात. धनुष्याला ताकदीऐवजी चपळाई का लागते?
— वाचक, नंदुरबार

उत्तर : याच खेळाच्या नियमात शत्रू ५ फुटांत असला की बाणाच्या नेमाला वीस बाजूंचे दोन फासे टाकून लहान तो धरावा लागतो. ५० टक्के बसणारा नेम २५ टक्क्यांवर येतो. लांब धनुष्य १५० फुटांपर्यंत नीट चालतं, पुढे ६०० पर्यंत हाच तोटा. बाजूला खंजीर ठेवा, किंवा भालेवाल्या सोबत्याच्या मागे उभे राहा.

चपळाई ही खेळाची सोय आहे. खरं धनुष्य ओढायला दंड आणि पाठ लागते. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोज या इंग्लिश जहाजावरची धनुष्यं ओढायला साधारण १०० ते १८५ पौंडांचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

प्रश्न : आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मोहिमेत दांडपट्टा आणि विटा हा दोरीचा भाला आणायचा आहे. नियम कसे लिहावेत?
— वाचक, चोपडा

उत्तर : आधी हत्यार हातात कसं बसतं ते बघा, फासे मागून. दांडपट्ट्याची मूठ पोलादी हातमोज्यात असते, मनगट वळत नाही. वार कोपर, खांदा आणि सगळ्या अंगाच्या फिरकीतून येतो. पातं लांब, सरळ, लवचिक. म्हणून १ डी८, कापणारा मार. हातातून हिसकावता येणार नाही, हा फायदा. तोटा असा की त्या हाताने औषधाची बाटली उघडता येणार नाही, मंत्राची मुद्राही नाही, आणि चढवायला-उतरवायला एक पूर्ण कृती (फेरीतली मुख्य चाल). घाव बसला की शेजारच्या दुसऱ्या शत्रूला १ डी४, पण फेरीत एकदाच. सोबती ५ फुटांत उभा असेल तर ही फिरकी बंद. नाहीतर खेळाडू गर्दीत बिनधास्त फिरवत सुटतात.

विटा म्हणजे मनगटाला दोरी बांधलेला फेकायचा भाला. मार साध्या भाल्याचाच, १ डी६ भोसकणारा. साधा भाला नियमात २० फूट नीट जातो, विट्याला १५ द्या आणि त्यापुढे काहीच नको, कारण दोरी तिथेच संपते. बोनस कृतीत (फेरीतल्या जोडीच्या छोट्या चालीत) तो ओढून परत घ्यावा. वार हुकला की शत्रूला दोरी धरू द्या: दोघांच्या ताकदीचे फासे, हरेल तो ५ फूट ओढला जाईल. ही जोखीम काढलीत तर मोहिमेत दुसरा भाला कोणी घेणारच नाही.

चाचणी कागदावर घ्या. नेमाच्या वीस बाजूंच्या फाशाला ५ ची भर असेल तर १३ चिलखतांकाविरुद्ध (वार बसायला फासा आणि भर मिळून गाठायचा आकडा) ६५ टक्के वार बसतात, १८ विरुद्ध ४०. दोन्हीकडे २०-२० फेऱ्या मोजा. नवं हत्यार दोन्हीकडे लांब तलवारीच्या पुढे गेलं तर एक फायदा काढून टाका.

प्रश्न : व्हिडिओ गेममध्ये हिवाळ्यात जमणारी पॅरी (शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवणं) मे महिन्यात चुकते. सवय गेली का?
— वाचक, जळगाव

उत्तर : सवय नाही, लॅपटॉप तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. सेकंदाला ६० फ्रेम असल्या तर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० ला ३३.३. पॅरीची खिडकी मुळात काही फ्रेमचीच. ग्राफिक्स मध्यमवर आणा, फ्रेम ६० वर बांधा; तेवढ्या टिकत नसतील तर ३० वर, पण एकसारख्या. मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलून ठेवा, गादीवर नको. टीव्हीला जोडत असाल तर गेम मोड चालू करा. तरी वार लवकर येतोय असं वाटलं तर त्या महिन्यापुरती ढाल घ्या.