एका शनिवार-रविवारात युरोपातले शहर पाहून होते का?

युरोपात शिकत असताना दोन दिवसांच्या सुट्टीत एखादे शहर पाहून होते का आणि त्यात किती ठिकाणे बसवावीत, असे आपण विचारले आहे. पाहून होत नाही, हे पहिल्या भागाचे उत्तर. 'किती ठिकाणे' हा दुसरा भाग मला मुळातच मान्य नाही, कारण हाच प्रश्न माझा मावसभाऊ मला माझ्या प्रत्येक सहलीनंतर विचारत आला आहे आणि त्याला मी आजवर नीट उत्तर दिलेले नाही.

मी बर्लिनमध्ये शिकत होते. 2023च्या मे महिन्यात एका शुक्रवारी दुपारचे व्याख्यान आटोपून मी पोलंडची राजधानी वॉर्साच्या रेल्वेत बसले. हा प्रवास साधारण साडेपाच-सहा तासांचा आहे. मैत्रिणी प्रागला निघाल्या होत्या, पण मला वॉर्सालाच जायचे होते, आणि त्याचे कारण माझी आजी. आजीचे माहेर वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाने सैबेरियाकडे हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि त्यांपैकी सुमारे 5,000 जण 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. आजीचे वडील त्या छावणीत दूध घालत. 'पोलंडची माणसं' रविवारी प्रार्थनेला कशी स्वच्छ कपडे घालून रांगेने जात, हे आजीने मला इतक्या वेळा सांगितले होते की, ती माणसे परतून ज्या देशात गेली असतील तो देश पाहणे मला माझेच राहिलेले काम वाटत होते.

शनिवारी सकाळी मी जुन्या शहराच्या चौकात पोहोचले. जर्मन ताब्याविरुद्ध 1944 साली झालेल्या उठावानंतर जर्मनांनी हे शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. आज दिसणारी रंगीत घरे युद्धानंतर उभारलेली आहेत. ती उभारताना अठराव्या शतकातील चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो याच्या शहरचित्रांचाही आधार घेतला गेला. ती चित्रे राजवाड्यात लावलेली आहेत आणि तो राजवाडाही 1971 नंतर पुन्हा बांधलेला आहे. एका चित्रासमोर उभे राहून खिडक्या मोजायच्या आणि बाहेर येऊन रस्त्यावर त्याच खिडक्या शोधायच्या, यात माझे तीन तास गेले. त्यानंतर पायी चालत मोन्टे कॅसिनो स्मारकापाशी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीत पोलिश सैनिक लढले त्या लढाईच्या स्मारकापाशी, गेले. त्याच्या शेजारी वळिवड्याच्या छावणीचे स्मारक आहे आणि त्यावर 'कोल्हापूर' हे नाव कोरलेले आहे. तिथून मी आजीला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही; मग तिने विचारले, "तिथं कोण फुलं ठेवतं का गं?" पायथ्याशी दोन मेणपणत्या होत्या, त्या मी तिला दाखवल्या. रविवारी वाझिएंकी उद्यानात पोलिश संगीतकार शोपँचे संगीत ऐकले आणि परतीची गाडी पकडली. माझा शनिवार-रविवार एवढाच.

यावर त्या मावसभावाचे, म्हणजे दादाचे, मत असे पडले की, दोन दिवसांत मी 'एक दगड आणि एक नकली गाव' पाहिले. त्याने एका सत्रात अकरा देश केले होते. वॉर्साचे जुने शहर नकली आहे, हे म्हणणे मला तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही वाटते. 1980 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले, ते नष्ट झालेले शहर लोकांनी पुन्हा उभे केले या कर्तृत्वासाठीच. पुढे ऑगस्ट 2024मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वळिवड्याच्या त्या स्मारकाला भेट दिली, तेव्हा दादाने घरच्या ग्रुपवर बातमी टाकून 'हाच का तो?' असे विचारले. स्मारक तेच होते. पंतप्रधान गेले म्हणून त्याचे मोल वाढले नाही, हे मी तेव्हा लिहायला हवे होते. ते इथे लिहिते.

म्हणून आपण शहर निवडताना यादी करू नये. ज्या शहराशी आपला एखादा धागा जुळतो, मग तो अभ्यासाचा असो, घरातल्या गोष्टीचा असो किंवा एखाद्या चित्राचा, तेच निवडावे आणि शनिवारचा पूर्ण दिवस त्या धाग्याला द्यावा. बाकीचे रविवारी जमले तर जमले.

अर्थात मी बर्लिनमध्ये दोन वर्षे होते. आपण एकाच सत्रासाठी आला असाल, तर घाई मला समजू शकते. डिसेंबरात वॉर्सात साडेतीनच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे तेव्हा संग्रहालयेच पाहावीत. पारपत्र आणि निवास परवान्याचे कार्ड दोन्ही जवळ असू द्यावे, सीमेवर गाडीत तपासणी होऊ शकते. शहरातील वाहतुकीसाठी शुक्रवारी संध्याकाळी 7 ते सोमवारी सकाळी 8 पर्यंत चालणारे शनिवार-रविवारचे तिकीट मिळते, तेच काढावे. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकाने बंद असतात. परतीच्या प्रवासाचे खाणे शनिवारीच घेऊन ठेवावे.