पहिली बाटली लावण्याआधी

घाबरू नकोस, सुरुवात ओईसीडी ३०१ एफपासून कर, म्हणजे रसायन जिवाणू सहज विघटित करतात का हे बंद बाटलीत तपासायची प्रमाणित चाचणी. जिवाणूंनी किती ऑक्सिजन ओढला ते २८ दिवस मोजायचं. सैद्धांतिक ऑक्सिजन मागणीच्या (रसायन पूर्ण विघटित व्हायला हिशेबाने लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) ६० टक्के गाठले, आणि तेही १० टक्के झाल्यापासून दहा दिवसांत, तर पदार्थ ‘सहज विघटनशील’.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- गाळ (चाचणीसाठी जिवाणू यातूनच मिळतात) कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पातून आणतात. तिथले जिवाणू त्या रसायनाला सरावलेले असू शकतात, मग निकाल फुगतो. घरगुती सांडपाण्याचाच आण.
- सोडियम बेंझोएटची (सहज विघटित होणाऱ्या तुलनेच्या पदार्थाची) बाटली लावायचा कंटाळा करतात. ती १४ दिवसांत ६० टक्क्यांवर गेली नाही तर चाचणीच बाद.
- विषारीपणाची बाटली विसरतात. रसायन आणि बेंझोएट एकत्र. १४ दिवसांत २५ टक्केही नाही, तर रसायन जिवाणूंनाच मारक आहे असं धरायचं.

पाण्यातून रसायन गायब झालं म्हणजे ते विघटित झालंच, असं नाही. गाळाला चिकटलं असेल किंवा उडून गेलं असेल. (पहिल्या वर्षी मी याच आनंदात होतो!) आणि नापास म्हणजे टिकाऊ नव्हे, ही चाचणी मुद्दामच कडक ठेवलेली आहे.

नायट्रिफिकेशनचं (जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना जो जादा ऑक्सिजन ओढतात त्याचं) गणित सध्या राहू दे. आधी कोऱ्या, म्हणजे रसायन न घातलेल्या, बाटल्यांचे आकडे जुळव.