नकाशे सर्व्हरवर चढवण्याआधी कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे: ब्रिटनमधल्या विद्यापीठांत विद्यार्थी आणि प्राध्यापक घरबसल्या डिजिटल नकाशे उतरवून घेतात, तशी सोय आपल्या विद्यापीठात करायची तर कोणतं सॉफ्टवेअर लागेल? नकाशे बनवायला क्यूजीआयएस आणि ते इंटरनेटवरून वाटायला जिओसर्व्हर. दोन्ही फुकट. झालं उत्तर. पण सोय त्याने होणार नाही. का, ते सांगायला मला आमच्या डिपार्टमेंटच्या हिरव्या लोखंडी कपाटापासून सुरुवात करावी लागेल.

त्याआधी थोडं तिकडचं. २००७-०८ मध्ये मी इंग्लंडात जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशाशास्त्राचं, एमएस्सी केलं. पहिल्याच आठवड्यात लायब्ररीतल्या बाईंनी डिजिमॅप नावाची नकाशांची वेबसाइट उघडून दाखवली. विद्यापीठाचंच लॉगिन, एकदा नोंदणी, परवान्याच्या अटी वाचून (म्हणजे न वाचता) मान्य करायच्या. मग नकाशावर चौकट ओढायची, कोणते थर (रस्ते, नद्या, इमारती) हवेत त्यावर टिक करायची, आणि थोड्या वेळाने ईमेलवर लिंक येते. डेटा ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे त्यांच्या सरकारी नकाशा खात्याचा, तोही घराच्या कुंपणापर्यंत बारीक. मी आधी काय उतरवलं असेल तर माझ्या होस्टेलचा नकाशा. त्यात सायकली ठेवायची शेडसुद्धा होती. अर्धा तास मी नुसती त्या शेडकडे बघत बसले होते.

ही सेवा एडिनबरा विद्यापीठातलं एडिना नावाचं केंद्र चालवतं. नव्वदच्या दशकात मोजक्या विद्यापीठांत चाचणी झाली आणि २००० च्या जानेवारीत ती बाकीच्यांना खुली झाली. विद्यापीठं वर्षाची वर्गणी भरतात, आणि डेटाच्या मालकांशी बोलणी सगळ्यांच्या वतीने एकदाच होतात. आता भूगर्भाचे आणि एकोणिसाव्या शतकातले जुने नकाशेही तिथेच मिळतात.

मी परत आले आणि एका कॉलेजात भूगोलाला लागले. (नाव विचारू नका.) तिथे दोनशेच्या वर टोपोशीट्स, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्याचे तपशीलवार छापील नकाशे, होत्या. सगळ्या त्या हिरव्या कपाटात, आणि किल्ली एचओडी सरांच्या सफारीच्या वरच्या खिशात. कपाट उघडायचं ते प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आणि कॉलेजला दर्जा देणारी नॅकची कमिटी येणार असली की.

२०१० च्या आसपास एमए दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने प्रोजेक्टला मोसे खोऱ्यातला जमीनवापर घेतला. तिला त्या भागाची शीट, नंबर ४७ एफ/११, हवी होती. नुसती कुठलीही नाही, वरसगावचं धरण व्हायच्या आधीची आवृत्ती. ती आमच्याकडे होती! पण सर कॅपला गेलेले, पेपर तपासायला. अकरा दिवस ती मुलगी रोज दारात येऊन बघून जायची. सर आले, पहिला प्रश्न: "अर्ज आणलाय का?" अर्ज आला. मग शीट टेबलावर पसरायची, बाहेर न्यायची नाही, पेन वापरायचं नाही. तिने दोन दिवस चार कोपऱ्यांवर चार डस्टर ठेवून ट्रेसिंग पेपरवर शीट उतरवली. पंखा बंद करून. मे महिन्यात.

मला ते बघवेना. त्या शनिवारी शिपाईकाकांकडून किल्ली मिळवली (कशी ते सांगत नाही, काका अजून नोकरीत आहेत), चाळीस शीट्स गुंडाळल्या आणि आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज काढून देणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे नेऊन पदरच्या पैशाने स्कॅन केल्या. सोमवारी कपाटात शीट्स जागच्या जागी, आणि लॅबच्या कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये चाळीस फायली. तीन आठवडे मुलांनी त्या फोल्डरवर अशी काही कामं केली म्हणता! एकाने आपल्या तालुक्यातल्या सगळ्या विहिरी मोजल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात सरांना कळलं. ते आले, माझ्या खुर्चीवर बसले, मलाच फोल्डर उघडायला लावला आणि माझ्याच हाताने डिलीट करायला लावला. "मॅडम, खाली समासात काय छापलंय ते वाचलंत का?" भारत सरकारचा कॉपीराइट. वर कोकणातल्या काही शीट्सवर 'रिस्ट्रिक्टेड' असंही छापलेलं. मग मेमो. आणि जाता जाता एक वाक्य, जे मी पंधरा वर्षांत विसरले नाही: "फुकट वाटलं की किंमत राहत नाही."

मी म्हटलं, कपाटात ठेवून कसरीने खाल्ल्यावर काय किंमत येते ते सांगा. पुढे वर्षभर आमचं बोलणं शिपाईकाकांमार्फत.

त्या वर्षी मी वर्गात काय वापरलं माहितीये? अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीची वेबसाइट. अमेरिकन लष्कराने १९५०च्या दशकात काढलेले भारताचे अडीच लाखाला एक प्रमाणाचे नकाशे तिथे स्कॅन करून ठेवलेत, कोणीही उतरवावेत. पुणे जिल्हा शिकवायला नकाशा टेक्सासहून आणायचा, आणि पन्नास हजाराला एक प्रमाणाची आपली शीट बारा फुटांवर कुलपात.

आता सरांची बाजूही सांगते, इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. प्रत्येक टोपोशीट डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली असते आणि त्या नोंदीपुढे एकाच माणसाची सही असते. ऑडिटला एक शीट कमी निघाली तर रिकव्हरी त्याच्या पगारातून. मग तो कुलूप लावणार नाही तर काय करेल? डिजिमॅपमध्ये मला खरं काही आवडलं असेल तर हेच: जबाबदारी वाटलेली आहे. विद्यापीठ करारावर सही करतं, विद्यार्थी आपल्यापुरत्या अटी मान्य करतो, गैरवापर झाला तर कोणी केला ते लॉगिनवरून दिसतं. लायब्ररीतल्या बाईंच्या पगाराला कोणी हात लावत नाही. आपल्याकडे आधी हे बदला. त्याशिवाय सर्व्हर घेतलात तर त्याच्याही पासवर्डची चिठ्ठी कोणाच्या तरी सफारीच्या खिशात जाईल.

परवानगीचं घोडं आता तेवढं अडत नाही. २००५ च्या नकाशा धोरणानेच लष्कराची मालिका आणि सर्वांसाठीची ओपन सीरिज वेगळी केली होती. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने 'नक्शे' पोर्टल काढून आधारवर ओपन सीरिजच्या पीडीएफ फुकट द्यायला सुरुवात केली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरची बरीच बंधनं उठवली, आणि २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणही आलं. उंचीसाठी इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहाचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा डेटा) आहे, गटनंबरासाठी राज्य सरकारची महाभूनकाशा वेबसाइट, रस्त्यांसाठी लोकांनी मिळून बनवलेला ओपनस्ट्रीटमॅप. तुमच्या विद्यापीठाने यातलं आपल्या जिल्ह्यापुरतं एका जागी आणून, थर जुळवून, विद्यापीठाच्या लॉगिनमागे ठेवलं तरी निम्मं काम झालं.

मुलं कुठे अडकतात तेही लिहिते, कारण हे सर्व्हर विकणारा सांगणार नाही. पीडीएफ म्हणजे चित्र, डेटा नव्हे. त्यातली नदी कोणीतरी बसून डिजिटाइझ करावी लागते. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया), नव्या डब्ल्यूजीएस ८४ वर. न बदलता एकावर एक ठेवल्या की नदी डोंगरावर चढते, आणि मुलं त्यालाच 'नदीपात्रातील बदल' म्हणून प्रोजेक्टमध्ये लिहितात. मी तपासलेत असे प्रोजेक्ट. आणि नंबर बदललेत: जुनी ४७ एफ/११ ती नवी ई४३एच११. दोन्ही नंबर शेजारी शेजारी दिलेली यादी पहिल्या पानावर लावा, निम्मे फोन बंद होतील.

सांगायचं राहिलं, डिजिमॅपही मोफत खिरापत नाही. शिक्षण आणि संशोधन सोडून तो डेटा वापरता येत नाही, आणि विद्यापीठ सुटलं की लॉगिन सुटतं. माझं बंद झालं तेव्हा सायकलच्या शेडसकट सगळं गेलं. शिवाय मी केलं तसं स्कॅनिंग तुम्ही करू नका. कॉपीराइटबाबत सर बरोबर होते. माझं म्हणणं तेव्हाही एवढंच होतं की डिलीट करायला लावण्याआधी परवानगी मागणारं एक पत्र डेहराडूनला, सर्व्हे ऑफ इंडियाच्या मुख्यालयाला, पाठवता आलं असतं. पोस्टाचा खर्च मी दिला असता.

सर निवृत्त झालेत. मागे एकदा, खोटं कशाला बोलू, थोडं डिवचायलाच, मी त्यांना ई४३एच११ ची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली लिहिलं, "सर, फुकट मिळाली." दोन दिवसांनी उत्तर आलं: "यात मोसे खोऱ्यातली गावं कुठायत?" उघडून बघितलं तर तिथे निळं पाणी. लगेच दुसरा मेसेज: "जुनी आवृत्ती. खालचा कप्पा, डावीकडून तिसरी गुंडाळी. कडुलिंबाचा पाला बदला."

गुंडाळी तिथेच होती. आता किल्ली माझ्याकडे असते आणि रजिस्टरवर सही माझी. चार्ज घेताना मोजलं तर तीन शीट्स कमी निघाल्या, तेव्हापासून ऑडिट म्हटलं की पोटात गोळा येतो. डेहराडूनच्या पत्राचा मसुदा तयार आहे, प्राचार्यांच्या टेबलावर पडलाय. मागच्या महिन्यात एक मुलगा ४७ एफ/११ मागायला आला. मी त्याला म्हटलं, अर्ज आणलायस का?