नाशिकमध्ये मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, डीआरडीओच्या प्रयोगशाळेत अप्रेंटिसशिप मिळेल का?

मिळू शकते, पण निकाल लागल्यानंतर. शिकत असताना असते ती इंटर्नशिप. अप्रेंटिसशिप डिप्लोमा पास झाल्यावर, साधारण वर्षभराची, 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, स्टायपेंडसह. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांनी नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करायची, आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं आहे.

लांब जायची गरज नाही. ऊर्जाद्रव्यांवर, म्हणजे रॉकेटच्या घन इंधनावर काम करणारं डीआरडीओचं एसीईएम केंद्र नाशिकलाच आहे. पण मेकॅनिकलसाठी मला स्वतःला अहिल्यानगरची व्हीआरडीई जास्त आवडेल: लष्करी वाहनं, इंजिनं, चाचणीचे ट्रॅक. पुण्यात पाषाणला तोफा-शस्त्रांची एआरडीई, दिघीला लष्करी पुलांचं काम करणारी संस्था. ओझरचं एचएएल हा विमानांचा कारखाना आहे, प्रयोगशाळा नव्हे. तरी सुखोईच्या जोडणीजवळ उभं राहून शिकायला मिळालं तर सोडू नका!

जागा प्रत्येक प्रयोगशाळा आपापली काढते, त्यामुळे जाहिरातींवर लक्ष ठेवा. निवड बहुतेकदा मार्कांवर होते, म्हणून शेवटचं सेमिस्टर हलक्यात घेऊ नका. पोलीस पडताळणीचे कागदही आधीच तयार ठेवा.

आणि घरच्यांना आत्ताच स्पष्ट सांगा की यातून कायम नोकरीची हमी नाही. तंत्रज्ञ पदांची भरती डीआरडीओच्या सेप्टम या केंद्रामार्फत वेगळी होते, शास्त्रज्ञांची आरएसी या दुसऱ्या भरती केंद्रामार्फत. वर्षभर तिथे मोजमाप, चाचणी आणि नोंदी काटेकोर ठेवायची जी सवय लागते, तिच्यासाठी मी तरी नक्की अर्ज करा म्हणेन.