म्हातारा कुत्रा घरात शू करू लागला, तर त्याला पुन्हा सवय लावावी का?

तेरा वर्षे न चुकता बाहेर जाणारा तुमचा कुत्रा आता घरातच शू करतो आणि त्याला पुन्हा सवय कशी लावावी, असे तुम्ही विचारले आहे. या वयात सवय सहसा मोडत नाही, शरीर साथ देईनासे होते. म्हणून त्याच्यावर मुळीच रागावू नका आणि हे त्याला कळून होते की नकळत, हे आधी नीट पाहा.

आमची कुत्री झोपेतून उठली की अंथरुणावरची ओली जागा हुंगायची आणि कावरीबावरी होऊन बाजूला सरायची, कारण ते कधी झाले हे तिलाच ठाऊक नसे. अशी गळती नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये विशेष आढळते आणि औषधाने बरीच आटोक्यात येते. तुमचा कुत्रा दाराकडे निघून वाटेतच शू करत असेल, तर सांधेदुखीमुळे त्याला उठायला वेळ लागत असण्याची शक्यता मोठी आहे. रात्री येरझारा घालणे किंवा ओळखीच्या घरात कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहणे हेही जोडीला असेल, तर वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचा विचार करावा लागतो.

भांड्यात पाणी मोजून भरा. 24 तासांत वजनाच्या दर किलोमागे 100 मिलिलिटरहून अधिक पाणी तो पीत असेल, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त तयार होणे) असू शकतो. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही तहान वाढते. मात्र घर ओले होते म्हणून पाणी कधीही तोडू नका, मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते फार महागात पडते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन पशुवैद्यांकडे जा, म्हणजे जंतुसंसर्गही तपासता येईल. जोर करूनही थेंबभर लघवी होत नसेल, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठा.

उपचार चालू असताना झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला बाहेर न्या, गुळगुळीत फरशीवर दारापर्यंत न घसरणारी सतरंजी अंथरा. मागच्या पायांमधले केस बारीक कापून ती जागा धुऊन कोरडी ठेवा, नाहीतर लघवीने कातडी सोलवटते. फरशी पुसायला अमोनियाचे द्रावण वापरू नका. त्याचा वास लघवीसारखा असल्याने तो पुन्हा तिथेच जाण्याची शक्यता असते.